‘देहभान विसरून’ : नृत्यसमीक्षेतील एका रूढ शब्दप्रयोगाचा विचार

मराठीत नृत्याची स्तुती करावयाची झाली म्हणजे समीक्षकाच्या लेखणीतून एक शब्दप्रयोग हटकून उतरतो. नर्तकी ‘देहभान विसरून’ नाचली, असे तो लिहितो, आणि यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज त्यालाही वाटत नाही व वाचकालाही वाटत नाही. या प्रयोगाची थोडी झडती घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘देहभान’ हा शब्द आपल्या भाषेत सुटा असा फारसा वावरत नाही. तो यावयाचा तो हरपण्यासाठी, सुटण्यासाठी किंवा विसरला जाण्यासाठी. अमक्याचे देहभान सूक्ष्म आहे, तमकीने दहा वर्षे खपून देहभान मिळविले, असे कोणी म्हणत नाही. गवयाने स्वरांचे भान सोडले असे आपण म्हटले तर ती त्याची निंदा होते. चित्रकाराने रंगाचे भान सोडले तर तीही निंदाच. एकट्या नर्तकाच्या बाबतीत मात्र, ज्या साधनाने तो कला निर्माण करतो त्याचेच भान सुटणे ही कलेची परमावधी मानली जाते. हा केवळ शब्दांचा अपघात नव्हे. नृत्य हे शरीराचे ज्ञान आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षेने मनापासून कधी मान्य केली नाही, त्याचेच हे चिन्ह होय, असे आम्हांस वाटते. आणि उपजेचा, म्हणजे आयत्या वेळी लयीच्या चौकटीत सुचून तत्क्षणी अंगातून उतरणाऱ्या रचनेचा, विचार आपल्याकडे इतका तोकडा राहिला, त्याचे मूळही येथेच शोधले पाहिजे.

हा प्रयोग कोठून आला हे सांगणे अवघड नाही. कीर्तनात नाचणाऱ्या भक्ताचे देहभान हरपते, ही कल्पना भक्तिमार्गाने घरोघर पोचविली आणि तेथून ती रंगमंचाच्या समीक्षेत शिरली. परंतु ज्या आचारातून ती आली त्या आचाराकडेच नीट पाहिले तर काय दिसते? वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे गाव उदाहरणादाखल घेऊ. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी याच तालुक्यातून, रिसोडमार्गे, पुढे मराठवाड्यात उतरते. त्यामुळे वारकऱ्यांची पावली ही या भागातील माणसाच्या लहानपणापासूनच्या परिचयाची वस्तू. समोरासमोर दोन रांगा, मध्ये मृदंग, प्रत्येकाच्या हाती टाळ. पाऊल पुढे पडते, मागे येते, गुडघा वाकतो, अंग एका बाजूस झुकते, गिरकी होते, आणि लय हळूहळू चढत जाते. टाळाचा आघात व पावलाचा आघात एका क्षणी पडला पाहिजे. शेजाऱ्याचा खांदा कोठे आहे हे मान न वळविता कळले पाहिजे. ज्याचे देहभान खरोखर हरपले तो दुसऱ्याच आवर्तनात शेजाऱ्यावर आदळेल आणि रांग मोडेल. रांग मोडत नाही. नवखा मुलगा रांगेच्या टोकाला उभा राहतो, बाजूच्याच्या पावलांकडे पाहत पाहत शिकतो, आणि काही काळाने त्याला पाहावे लागत नाही. मग तेथे हरपते ते काय? हरपतो तो ‘मी नाचतो आहे’ हा अहंकार. संतांनी सोडावयास सांगितला तो देहाभिमान. समीक्षकांनी त्याच्या जागी देहभान सोडून दिले. दोन अक्षरांचा हा फरक आहे, परंतु त्यात सबंध नृत्यकला वाहून गेली.

शास्त्रकारांनी हा घोटाळा केलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हातपायांच्या संयुक्त क्रियेला ‘करण’ म्हटले आहे व अशी १०८ करणे सांगितली आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु चारींचे वर्णन करून झाल्यावर व्यायामासंबंधी तो जे सांगतो ते फारसे वाचले जात नाही. अंगास तेल किंवा यवागू चोळावी, जमिनीवर तसेच आकाशात, म्हणजे उड्डाणाने, सराव करावा, भूमी ही व्यायामाची माता असल्यामुळे तिच्यावर अंग पसरून सराव करावा, असा त्याचा उपदेश आहे. या सर्वांच्या मुळाशी त्याने ‘सौष्ठव’ ही संज्ञा ठेवली आहे. शरीर चंचल नाही, कुबडे नाही, ताठरही नाही, अशी ही स्थिती. अलीकडच्या नृत्यशिबिरांत प्रथम सर्वांस जमिनीवर उताणे निजवून पाठीचा कोणता भाग भुईला टेकला आहे व कोणता नाही हे न्याहाळावयास सांगतात, आणि हे काही परदेशी नवल आहे असा शिबिरार्थींचा समज होतो. भरताच्या यवागूची त्यांना कोणी आठवण करून दिली तर बरे होईल. अर्थात ती अंगास चोळण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही.

शार्ङ्गदेवाचे साक्ष्य तर आपल्या अधिक जवळचे. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरीस ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध झाला. नादाचे विवेचन करण्यापूर्वी हा ग्रंथकार पिंडोत्पत्ती सांगतो. गर्भापासून शरीर कसे घडते, त्यात कोणती चक्रे आहेत, हे आधी आणि स्वर नंतर. पुढे प्रकीर्णकाध्यायात तो ‘शारीर’ नावाची एक संज्ञा देतो. अभ्यास नसतानाही राग प्रकट करण्याचे जे सामर्थ्य आवाजात असते ते शारीर. शरीराबरोबरच जन्मते म्हणून त्याचे हे नाव. सातव्या नर्तनाध्यायात देशी लास्यांगे येतात, त्यांत चालि, चालिवड, लढि, धसक अशी बोलभाषेच्या वळणाची नावे आहेत, आणि त्याच मालिकेत ‘मन’ हेही एक लास्यांग म्हणून नोंदविलेले आहे. छातीच्या व कमरेच्या हालचालींच्या पंक्तीत मनाला बसविणाऱ्या या ग्रंथकाराला देह व मन यांची आपली सोयीस्कर फाळणी मान्य झाली नसती, हे उघड आहे.

आता उपजेकडे वळू. ही संज्ञा हिंदुस्थानी संगीतात व कथक नृत्यात रूढ आहे, आणि कथकातील एका लहानशा व्यवहारावरून ती सर्वांत स्पष्ट होते. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिली सम, नववी खाली. नर्तकाला तिहाई घेऊन समेवर यावयाचे आहे. समेपासून उठावयाचे असेल तर पाच मात्रांचा बोल तीनदा व मध्ये एकेक मात्रेचा दम, अशा सतरा मात्रा होतात व सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. तेच खालीपासून उठावयाचे झाले तर नऊ मात्रा उरतात. तीन मात्रांचा बोल दम न देता तीनदा घेतला की सम गाठली जाते. हे गणित कागदावर कोणासही करता येईल. परंतु नृत्य चालू असताना, तबलजीने एखादा अनपेक्षित बोल वाजविला आणि त्याला उत्तर म्हणून अकराव्या मात्रेवरून उठावे असे नर्तकाच्या मनात आले, तर कागद कोठून आणणार? त्या वेळी हिशेब बुद्धी करीत नाही. निदान एकटी बुद्धी करीत नाही. उरलेले अंतर टाचेला कळते. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, पुढची चक्कर कोणत्या बाजूने घेतली तर तो समेवर उजव्या पायावर येईल, श्वास कोठे संपेल, या सर्वांची जाण एकदम असते. तिलाच आम्ही देहभान म्हणतो. उपज ही या भानातूनच निघते, त्याच्या विस्मरणातून नव्हे. समेवर येण्याचे बंधन जितके पक्के, तितके वाटेत भटकण्याचे स्वातंत्र्य अधिक. आणि बंधन पक्के आहे की नाही हे फक्त शरीर सांगू शकते.

रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांच्या कार्याचे महत्त्व या दृष्टीने तपासावयास हवे. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली. लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर या दोघांकडून त्यांना तालीम मिळाली. पांढरपेशा मराठी घरांतील मुलींना कथक शिकविले, हे त्यांचे कार्य नेहमी सांगितले जाते, आणि ते मोठे आहेच; परंतु आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट अशी की नर्तिकेने आपल्या शरीराविषयी मराठीत विचार करावा, ही प्रथा त्यांनी घातली. त्यांच्या लेखसंग्रहाचे नाव ‘लहजा’ आहे. लहजा म्हणजे बोलाच्या उच्चाराची, अंगाच्या ठेवणीची ती लकब, जी लिपीत उतरत नाही. तोडा लिहून घेता येतो, लहजा घेता येत नाही. तो एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जातो. त्यांनी इझाडोरा डंकन (१८७७–१९२७) हिचे आत्मचरित्रही मराठीत आणले. ही निवड वरवर पाहता विचित्र वाटते. बॅलेची शिस्त झुगारून अनवाणी नाचणारी इझाडोरा कोठे, आणि मात्रेच्या पावभागालाही जपणारी कथकनर्तिका कोठे!

परंतु येथेच तुलना फलदायी होते. इझाडोरा सांगते की तासन्‌तास निश्चल उभी राहून, हात छातीशी धरून, सर्व हालचालींचा उगम शरीरात कोठे आहे हे ती शोधीत असे, आणि तो तिला छातीच्या खाली, नाभीच्या वर सापडला. म्हणजे तिचेही तंत्र देहभानाचेच. फरक एवढाच की तिचे केंद्र सर्वस्वी आत आहे, तर कथकनर्तकाची सम ही लेहऱ्यात, तबल्यात व ऐकणाऱ्या रसिकाच्या मानेतही असते. आत शोधलेले केंद्र उत्कट असते, पण त्याची परीक्षा दुसरा कोणी घेऊ शकत नाही. समेवर चुकलेला पाय मात्र सभेतल्या शेवटच्या माणसालाही कळतो. केवळ आत पाहण्याने जी उपज होते ती लवकरच स्वतःची पुनरुक्ती करू लागते, हा इझाडोराच्या अनुकरण करणाऱ्यांचा अनुभव सर्वश्रुत आहे.

कथकाच्या आरंभी येणारा ‘थाट’ हा या संदर्भात विशेष पाहण्याजोगा. नर्तक एका ठेवणीत उभा असतो. मनगट, मान, भुवई, श्वासाबरोबर हलणारी छाती, एवढ्याच कसक-मसकेतून लय दिसते, आणि मग एखाद्या छोट्या तिहाईने समेवर ठेवण बदलते. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन याने १९७२ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयात ‘मॅग्नेशियम’ नावाचा एक प्रयोग केला. त्यात माणसे चटईवर पडत, एकमेकांवर आदळत, पुन्हा उठत, आणि शेवटी काही मिनिटे नुसती उभी राहत. उभे राहिलेल्या माणसाचे शरीर तोल सांभाळण्यासाठी सतत जे बारीक बारीक हेलकावे घेते त्यांना त्याने ‘लहान नृत्य’ म्हटले. यातून परस्परस्पर्शावर आधारलेल्या उत्स्फूर्त नृत्याची एक शाखा निघाली आणि जगभर पसरली. भारतातही तिची शिबिरे होतात. थाट आणि हे ‘लहान नृत्य’ यांची जात एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. थाटाला लेहऱ्याचा आधार असतो, तेथे तो नाही. परंतु स्थिर उभे राहण्यात नृत्य आहे, हे दोन्हीकडे ओळखले गेले, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसऱ्याच्या अंगावर आपला भार टाकून त्याचा भार आपण घ्यावा, हा जो या शाखेचा गाभा आहे, तो पाहण्यासाठी मात्र ओबर्लिनपर्यंत जाण्याचे कारण नाही. फुगडी पुरेशी आहे. दोघींनी पायांची बोटे जुळवावी, हात गुंफावे, अंग मागे टाकावे व फिरावे. येथे तोल एकटीचा नसतोच. एक जड व दुसरी हलकी असेल तर हलकीला अधिक मागे झुकावे लागते, आणि किती झुकावे हे कोणी सांगत नाही. गुंफलेल्या हातांतील ताण सांगतो. एक हात सोडला की तोलाचे सगळे हिशेब पुन्हा बदलतात. नागपंचमीला मुली खेळतात ती ही फुगडी आणि वारीत पागोटे बांधलेले म्हातारे खेळतात तीही हीच. हिच्यावर आपल्याकडे लोकगीतांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. फुगडीची गाणी संग्रहित झाली. फुगडी झाली नाही.

असे का व्हावे? याचे एक कारण सामाजिक आहे व त्याची चर्चा टाळता येत नाही. महाराष्ट्रात शरीराचे शिक्षण व शरीराची उपज या दोन गोष्टी वेगवेगळ्या घरी नांदल्या. शिक्षण आखाड्यात व व्यायामशाळेत गेले, उपज फडात व बैठकीत राहिली. वऱ्हाडात अमरावतीस १९१४ मध्ये श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि शरीरशिक्षणाचे एक मोठे केंद्र तेथे उभे राहिले. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाचे देहभान विलक्षण सूक्ष्म असते; मांडीची पकड किती घट्ट आणि केव्हा सैल, यावर त्याचा जीव असतो. त्या देहभानाला प्रतिष्ठा मिळाली, पण उपजेची वाट मिळाली नाही. त्याची परिणती संचलनात, मनोऱ्यांत, एकसाथ केलेल्या प्रात्यक्षिकांत झाली. याउलट बैठकीच्या लावणीत उपज काठोकाठ भरलेली. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची अदा ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावयास नको. गायिका बसलेली, म्हणजे पायांचा व्यवहार जवळजवळ बंद. ओळ तीच, परंतु प्रत्येक आवर्तनात खांदा, भुवई, पदराचे टोक, बोटाची वळणे त्या ओळीला निराळा अर्थ देतात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७७ मध्ये मिळाला, पद्मश्री २०१२ मध्ये. या कलेतील तालीम किती कठोर असते याची दखल मात्र विद्यापीठीय समीक्षेने फारशी घेतली नाही, कारण कोल्हाटणीच्या अंगात असते ते ज्ञान नसून ‘नखरा’ असतो, ही समजूत आपण सोडली नव्हती. सुशिक्षिताचे शरीर कमावलेले आणि तमासगिरिणीचे शरीर उपजत, अशी ही वाटणी होती. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

१९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिन शहरात ही वाटणी जणू एका पटावर मांडलेली दिसते. ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाचे पथक तेथे गेले व त्याने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच उन्हाळ्यात तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत मुंबईहून गेलेल्या मेनका यांच्या नृत्यपथकाचा गौरव झाला; याच मेनकांनी पुढे १९३८ मध्ये खंडाळ्यास ‘नृत्यालयम्’ सुरू केले. आजच्या महाराष्ट्रातून गेलेली दोन पथके, दोन्ही शरीराची विद्या घेऊन गेलेली. परंतु आपल्या इतिहासलेखनात एक ‘क्रीडा’ या प्रकरणात बसते व दुसरे ‘कला’ या प्रकरणात. त्याच शहरात त्याच वर्षी रुडॉल्फ लाबान याने शेकडो हौशी लोकांना घेऊन बसविलेला समूहनृत्याचा कार्यक्रम गोबेल्सने तालमीनंतर बंद पाडला, व पुढल्या वर्षी लाबान देश सोडून गेला. कवायत करणारे शरीर त्या राजवटीला हवे होते. स्वतःचे भान असलेले शरीर समूहात असले तरी नको होते.

शेवटी वाशीमला परत येऊ, कारण या विषयातील सर्वांत जुना व सर्वांत दुर्लक्षित धागा तेथेच आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांची कथा सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वश करण्यासाठी गौरीने ही वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग पूर्वेस, पांचाळात, अवंतीत व शेवटी दक्षिणेत गेली, आणि विदर्भातील वत्सगुल्म नगरी त्यांचा गांधर्वविवाह झाला. या प्रवासात तिने प्रत्येक देशी जो वेष केला तो त्या देशाची प्रवृत्ती झाला, जे नृत्यवाद्यादी केले ती वृत्ती झाली, जे बोलली ती रीती झाली. राजशेखराची व्याख्याही तशीच आहे. वेषविन्यासाचा क्रम ती प्रवृत्ती, विलासविन्यासाचा क्रम ती वृत्ती, वचनविन्यासाचा क्रम ती रीती. दक्षिणेच्या वाट्यास कैशिकी वृत्ती व वैदर्भी रीती आली. मराठी व संस्कृत विभागांतून वैदर्भी रीतीवर किती लेखन झाले आहे हे वाचकांस ठाऊकच आहे. कैशिकीचा विचार झाला तो बहुधा नाट्याच्या एका पारिभाषिक प्रकारापुरता. ती या भूमीवर चालून आलेल्या एका शरीराची हालचाल होती, हे मधल्या मध्ये गळून गेले.

या कथेत आणखी एक बारकावा आहे. वधूने वेष केला तो यथेष्ट, आपल्या मनास येईल तसा. आणि तेथील स्त्रियांनी त्याचे अनुकरण केले. म्हणजे राजशेखराच्या मते देशोदेशीची शैली ही मुळात कोणा एकीची उपज असते, व अनुकरणाने ती परंपरा बनते. आपण सामान्यतः याच्या उलट समजतो. परंपरा आधी व तिच्यातून सुटका म्हणजे उपज, अशी आपली मांडणी असते. राजशेखराचा क्रम आम्हांस अधिक खरा वाटतो. मात्र त्याला एक अट आहे. अनुकरण जिवंत शरीराचे झाले पाहिजे. त्या स्त्रियांनी वधूला चालताना पाहिले, तिच्याबरोबर काही पावले त्या चालल्या असतील.

रिठदसारख्या गावातील शाळेच्या स्नेहसंमेलनात आज जे नृत्य होते ते बहुधा पडद्यावरून उचललेले असते, मग तो पडदा चित्रपटाचा असो वा हातातील मोबाईलचा. मुलांनी सिनेमाची गाणी नाचावी यास आमची हरकत नाही. अडचण वेगळी आहे. पडद्यावरील शरीराला वजन नसते. त्याचा भार कोणत्या पायावर आहे, त्याने श्वास कोठे घेतला, हे दिसत नाही. दिसतो तो फक्त आकार. मुले आकार जुळवितात आणि गाणे थांबले की थांबतात, कारण समेपर्यंत किती उरले हे त्यांच्या टाचेला कोणी कळू दिलेले नसते. नृत्याच्या परीक्षांचाही स्वभाव थोडाफार असाच असतो. इतके तोडे, इतके तुकडे, असे मोजता येते, उपज मोजता येत नाही, म्हणून ती तोंडी लावण्यापुरती उरते. तालुक्याच्या गावी कथकाचा वर्ग निघाला तरी या दोन्ही अडचणी राहतीलच.

परंतु त्याच गावात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवितात, खिरापत ओळखतात. या गाण्यांचे संग्रह ग्रंथालयांत आहेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जे वऱ्हाडातील आहेत त्यांनी पुढल्या भाद्रपदात वही नेताना तिच्यात एक रकाना अधिक आखावा. गाण्याच्या ओळीसमोर टिपरी कोणत्या मात्रेवर पडली, तेव्हा भार कोणत्या पायावर होता, लय चढू लागली ती कोणाच्या अंगातून, आणि शेवटी फुगडी सुरू झाल्यावर दोघींपैकी हात आधी कोणी सैल केला, हे त्या रकान्यात लिहावे. कविता लिहून घेण्यापेक्षा हे अवघड आहे. लिहिणाऱ्याला स्वतः दोन फेऱ्या खेळल्यावाचून यांतील निम्म्या गोष्टी दिसावयाच्याच नाहीत.